जाणत्या स्वप्नाची जबाबदारी

मागच्या वर्षीची गोष्ट. नववीच्या वर्गात मी भूगोल शिकवत होतो. दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा सारखा स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. आधी वाटले, कॉपीची सवय असेल. पण त्या दिवशी परीक्षा नव्हती. जवळ जाऊन पाहिले, तर तळहातावर निळ्या पेनाने काढलेला एक छोटा ठिपका होता, बाकी काही नाही. मी विचारले, ‘‘हे काय आहे रे?’’ तो गडबडला आणि हळूच म्हणाला, ‘‘कुछ नहीं सर, देखरा था, मैं जागाच हूँ ना.’’

वर्ग हसला. मलाही हसू आले. पण मधल्या सुट्टीत मी त्याला बाजूला घेतले आणि तेव्हा जे कळले, त्यामुळे माझे हसू थांबले. हा मुलगा रोज पहाटे तीन वाजता मोबाईलचा गजर लावून उठत होता. थोडा वेळ जागा राहायचा आणि पुन्हा झोपायचा. अशी मधेच मोडून पुन्हा घेतलेली झोप असली, की स्वप्न पडताना ‘हे स्वप्न आहे’ असे माणसाला कळू शकते, हे त्याने कुठेतरी पाहिले होते. तळहाताचा ठिपका त्याच कामासाठी. दिवसभर वारंवार हात बघायची सवय लागली, की माणूस स्वप्नातही हात बघतो. ठिपका नसला, बोटे कमीजास्त दिसली, की ओळखायचे, आपण झोपेत आहोत.

‘‘आणि ओळखून काय करतोस?’’ मी विचारले.

तो म्हणाला, ‘‘अब्बा को बुलाता हूँ.’’

त्याचे वडील २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. पॉवरलूमवर काम करत होते. रुग्णालयात नेले तेव्हा हा दारापाशी उभा होता. पुढे त्याला चेहराही पाहायला मिळाला नाही.

बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता. अवधान, अभिरुची, प्रेरणा, सगळे पाठ केले होते. पण वडिलांना भेटायला रोज पहाटे स्वप्नात जाणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने काय सांगावे, याचे उत्तर त्या पेपरात नव्हते. त्याला या स्वप्नातून उठवणे माझे काम आहे का? तो मला अधिकार तरी आहे का? हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे. वाटेत काही चित्रपट येतील, कारण त्या मुलाने मला जाताजाता विचारले होते, ‘‘सर, इसपे पिक्चर भी है, आपने देखा क्या?’’

* * *

झोपेत असताना आपण स्वप्न पाहत आहोत हे ठाऊक असणे, याला इंग्रजीत ‘लुसिड ड्रीम’ म्हणतात. आपण त्याला जाणते स्वप्न म्हणू. डच लेखक आणि वैद्य फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी १९१३ साली आपल्या निबंधात हा शब्द वापरला आणि तो पुढे रूढ झाला. बरीच वर्षे शास्त्रज्ञांना ही बोलाचीच कढी वाटत होती. झोपलेला माणूस ‘मी जाणतो’ असे सांगणार कसा? तोड निघाली ती अशी. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडलेले असतात, पण डोळे हलतात. मग आधी ठरवून ठेवायचे, की स्वप्नात जाण आली की डोळे डावी-उजवीकडे ठरावीक वेळा फिरवायचे. १२ एप्रिल १९७५ रोजी इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या यंत्रावर ॲलन वॉर्सली या झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांची अशी खूण उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवून दिले. म्हणजे माझा विद्यार्थी जे सांगत होता, ती थाप नव्हती.

आता चित्रपट. स्पेनचे दिग्दर्शक आलेहांद्रो आमेनाबार यांचा ‘आब्रे लोस ओहोस’ १९९७ साली आला. नावाचा अर्थ ‘डोळे उघड’. चार वर्षांनी, २००१ साली, कॅमेरॉन क्रो यांनी त्यावरून हॉलिवूडमध्ये ‘व्हॅनिला स्काय’ काढला. दोन्हींत सोफियाची भूमिका पेनेलोपे क्रूझ यांनीच केली आहे. मी दोन्ही लागोपाठच्या रविवारी पाहिले.

सेसार हा माद्रिदमधला देखणा, श्रीमंत, आईबाप नसलेला तरुण. मुली त्याच्या आयुष्यात येतात आणि जातात. एका रात्री त्याला सोफिया भेटते आणि तो पहिल्यांदा खरोखर गुंततो. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याने झिडकारलेली नूरिया त्याला आपल्या गाडीत बसवते आणि गाडी कठड्यावरून खाली घालते. ती मरते. तो वाचतो, पण चेहरा कायमचा विद्रूप होतो. सोफिया दुरावते. एका रात्री दारूच्या नशेत तो रस्त्यावरच झोपी जातो. सकाळी सोफिया त्याला उठवते, प्रेम व्यक्त करते. पुढे डॉक्टरांना चेहरा नीट करणेही जमते. सगळे सुरळीत होते. आणि मग एका रात्री शेजारी झोपलेली सोफिया नूरिया होते. सगळे जग म्हणते, हीच सोफिया. शेवटी तो तिच्या तोंडावर उशी दाबून तिला मारतो. चित्रपटाच्या मधूनमधून आपण त्याला तुरुंगात पाहतो. चेहऱ्यावर मुखवटा आणि समोर आंतोनियो नावाचे मनोविकारतज्ज्ञ, जे त्याला हळूहळू आठवायला लावतात. रहस्य हेच, की त्याने कोणाला मारले?

उत्तर हे, की कोणालाच नाही. रस्त्यावर झोपलेल्या त्या रात्रीनंतरचे सगळे स्वप्न आहे. खऱ्या आयुष्यात सोफिया परत आलीच नव्हती. सेसारने एका कंपनीशी करार केला, गोळ्या खाऊन जीव दिला आणि कंपनीने त्याचे शरीर गोठवून ठेवले. मधली दीडशे वर्षे सुखाच्या स्वप्नात जातील, आणि नको त्या आठवणी पुसल्या जातील, असा सौदा होता. आता कंपनीचा माणूस उंच इमारतीच्या गच्चीवर त्याला पर्याय देतो, स्वप्नात राहा किंवा उडी मारून जागा हो. तो उडी मारतो.

* * *

पहिला नैतिक प्रश्न इथेच उभा राहतो. सेसार गुन्हेगार आहे का?

आपल्या धर्मशास्त्रात एक जुना आणि फार दयाळू नियम आहे. झोपलेला माणूस जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि भान हरपलेला भानावर येईपर्यंत, यांच्या नावावर गुनाह लिहिला जात नाही. कारण उघड आहे. जिथे जाण नाही आणि इरादा नाही, तिथे जबाब कसला मागणार? ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टीन यांनीही आपल्या आत्मकथनात हाच प्रश्न स्वतःला विचारला होता, की जागेपणी जे मी नाकारतो ते स्वप्नात स्वीकारतो, तेव्हा मी ‘मी’ नसतो का? म्हणजे झोपेतल्या कर्माची टोचणी सगळीकडच्या धर्मशील माणसांना लागलेली आहे.

या हिशेबाने सेसार सुटतो. पण जाणते स्वप्न या नियमाला अडचणीत टाकते. त्यात माणूस झोपलेला असतो खरा, पण त्याला जाणही असते आणि इरादाही. सूट ज्या कारणाने मिळाली होती, ते कारणच तिथे उरत नाही. मग जाणत्या स्वप्नात मी कोणाला मारले, कोणाची विटंबना केली, तर? कोणी म्हणेल, त्यात इजा कोणालाच झालेली नाही. बरोबर आहे. इजेच्या खात्यात काहीच जमा होत नाही. पण करणाऱ्याच्या खात्यात होते, असे मला वाटते. ‘समोरचा माणूस खरा नाही, म्हणून मी काहीही करू शकतो’ हे वाक्य माणूस एकदा मनाशी म्हणायला शिकला, की ते फक्त झोपेपुरते राहीलच असे नाही. दंगलीत जमाव हेच वाक्य म्हणत असतो. समोरचा माणूस त्याच्या दृष्टीने माणूस उरलेला नसतो.

याच शास्त्रात एक बारकावा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. झोपेत कूस बदलताना कोणी दुसऱ्यावर पडला आणि त्याचा जीव गेला, तर झोपलेल्यावर जाणूनबुजून केल्याचा गुनाह नाही, पण भरपाई चुकत नाही. म्हणजे दोष वेगळा आणि परिणाम वेगळा. स्वप्नाचा धक्का जिथे जागेपणी दुसऱ्याला लागतो, तिथे ‘मी झोपेत होतो’ एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत.

क्रिस्टोफर नोलन यांचा ‘इन्सेप्शन’ मी बी.एड. करत असताना, २०१० साली मित्रांबरोबर पाहिला होता. तेव्हा इमारती दुमडतात त्याचेच अप्रूप वाटले. आता पुन्हा पाहताना दिसले, की त्याचा गाभा हीच भरपाई आहे. कॉब आणि त्याची बायको मॅल स्वप्नाच्या तळाशी अनेक वर्षे राहतात. तिला तिथून परत आणण्यासाठी कॉब तिच्या मनात एक कल्पना पेरतो, की हे जग खरे नाही. ती जागी होते, पण कल्पना मरत नाही. घरात मुले असताना, नवरा समोर असताना तिला वाटत राहते, हेही खरे नाही. आणि ‘जागे’ होण्यासाठी ती उडी मारते. कॉबचा हेतू वाईट नव्हता. स्वप्नात केलेले काम स्वप्नातच राहील, एवढेच त्याने गृहीत धरले होते.

* * *

दुसरा प्रश्न स्वप्नातल्या माणसांचा.

‘व्हॅनिला स्काय’मध्ये मनोविकारतज्ज्ञाचे नाव मॅकेब आहे. सगळ्या चित्रपटात नायकाच्या भल्यासाठी झटणारा हा एकच माणूस. आपल्याला दोन मुली आहेत असे तो सांगतो. शेवटी गच्चीवर कंपनीचा माणूस त्याला साधा प्रश्न विचारतो, मुलींची नावे काय? मॅकेबला नावे सांगता येत नाहीत. कारण स्वप्न पाहणाऱ्याने त्याला मुली दिल्या, पण नावे द्यायचा विचारच केला नव्हता. तो तरीही ओरडत राहतो, की मी खरा आहे.

त्या प्रसंगाने मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना पंचावन्न मुलांची नावे मी वाचली आणि मनात आले, यातल्या किती मुलांच्या बहिणींची नावे मला ठाऊक आहेत? किती जणांच्या घरात काय शिजते, कोण आजारी आहे, मला ठाऊक आहे? माझ्या जगात ही मुले एक हजेरी क्रमांक आणि एक बाक एवढ्यापुरतीच आहेत. ती खरी आहेत, यात शंका नाही. पण मी त्यांना जेवढे खरे धरतो, ते मॅकेबच्या मुलींपेक्षा फारसे जास्त नाही. झोपेत आपण खोटी माणसे खरी मानतो. जागेपणी खऱ्या माणसांना अर्धवट खरी मानून चालतो. यांतली मोठी चूक कोणती, हे सांगणे मला अवघड वाटते.

चित्रपट आणखी एक गोष्ट दाखवतो. सेसारने सुखाचे स्वप्न विकत घेतले, नको ते पुसून घेतले, तरी नूरिया आलीच. तिला कंपनीने पाठवले नव्हते. ज्या मुलीला त्याने खेळण्यासारखे वागवले, तिचा अपराध त्याच्यातच होता, आणि तो त्याच्याबरोबर स्वप्नात शिरला. स्वप्नातून सगळे जग वजा करता येईल, पण स्वतःला वजा करता येत नाही.

* * *

आता तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत कठीण. सुखाचे खोटे बरे की दुःखाचे खरे?

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली आपल्या ग्रंथात एका यंत्राची कल्पना मांडली. त्या यंत्राला जोडून घेतले, की हवा तो अनुभव मिळतो आणि तो खराच वाटतो. तुम्ही जन्मभर जोडून घ्याल का? त्यांचे म्हणणे असे, की नाही, कारण आपल्याला नुसता अनुभव नको असतो. आपल्याला खरोखर काही करायचे असते, खरोखर कोणीतरी व्हायचे असते.

वाचताना पटते. पण मला वाटते, हा प्रश्न धडधाकट माणसाला विचारलेला आहे. ज्याच्या खऱ्या आयुष्यात वडिलांची जागा रिकामी आहे, त्याला तो विचारून पाहा. ‘इन्सेप्शन’मध्ये मोम्बासाच्या एका तळघरात म्हातारी माणसे रोज येऊन एकत्र स्वप्न पाहत पडलेली असतात. त्यांच्यासाठी तेच जीवन झाले आहे. झोपायला नव्हे, ती जागी व्हायला तिथे येतात, असे तिथला राखणदार समजावतो. त्यांना हलवून ‘उठा, हे खोटे आहे’ म्हणणारा माणूस सत्यवादी असेल, पण दयाळू असेल का?

शिवाय ‘हे खरे’ असे सांगणारा मी कोण? इमाम गझाली यांनी (१०५८–११११) ‘अल-मुन्किज मिन अद-दलाल’ या आत्मकथनात नेमका हाच घोळ मांडला आहे, आणि तोही देकार्तच्या १६४१ च्या ग्रंथाच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी. स्वप्नात असताना आपण स्वप्नाला पक्के खरे मानतो आणि उठल्यावर ते फोल होते. मग जागेपणाच्याही वर एखादी अवस्था असेल आणि तिच्यापुढे हे जागेपण स्वप्न ठरेल, तर? या शंकेने त्यांना सुमारे दोन महिने ग्रासले होते. आणि त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले, की या दुखण्यातून ते युक्तिवादाने सुटले नाहीत. अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने सुटले. कॉबचा भोवरा आठवा. स्वप्नात तो फिरतच राहतो, जागेपणी पडतो. शेवटच्या दृश्यात भोवरा फिरतो आहे आणि तो पडायच्या आत पडदा काळा होतो. पण कॉब भोवऱ्याकडे बघतच नाही. तो मुलांकडे गेलेला असतो.

भोवरा असो की तळहातावरचा ठिपका, पुरावा शेवटपर्यंत पुरत नाही. मग खऱ्याची खूण कशात शोधायची?

मला ती हजरत इब्राहीम यांच्या कथेत सापडते. स्वप्नात मुलाच्या कुर्बानीचा आदेश दिसला. पैगंबराचे स्वप्न, म्हणजे त्यात शंकेला जागा नाही. तरी त्यांनी मुलाला झोपेत उचलून नेले नाही. त्याला स्वप्न सांगितले आणि विचारले, तुझे मत काय? स्वप्न बापाचे होते, पण मुलगा स्वप्नातला नव्हता. त्याला स्वतःचे उत्तर होते. आणि हजरत युसूफ यांनी बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ लावला, तो कशासाठी? सात वर्षे धान्य साठवून ठेवा, पुढे दुष्काळ आहे, हे सांगण्यासाठी. स्वप्न तिथे लोकांच्या पोटापर्यंत पोचले. सूफी म्हणतात, की हे जगच एक झोप आहे आणि मरण ही जाग. पण यातून कोणत्याही सूफीने ‘म्हणून शेजारी उपाशी राहिला तरी चालेल’ असा अर्थ काढलेला नाही. उलट हिशेब अधिक कडक झाला.

* * *

त्या मुलाशी मी पुढे अनेकदा बोललो. स्वप्न बंद कर, असे मी एकदाही म्हणालो नाही. फक्त विचारत राहिलो. एकदा शाळा सुटल्यावर तो पायरीवर बसला होता. मी विचारले, ‘‘अब्बा काय म्हणतात?’’

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘सर, पहले खुद से आते थे. कभी डाँटते, कभी मुँह फेर लेते. अब मैं बुलाया तो आते. लेकिन अब्बा अब वोइच बोलते, जो मैं सोचता.’’ आणि नंतर अगदी हळू, ‘‘अब डाँटतेच नहीं.’’

मी वाचलेली सगळी पुस्तके आणि पाहिलेले सगळे चित्रपट या एका वाक्यापुढे मला थिटे वाटले. चौदा वर्षांच्या पोराने स्वतःच शोधून काढले होते, की जे माणूस पूर्णपणे आपल्या ताब्यात आहे, ते आपले माणूस नाही. सेसारच्या सोफियाला ‘नाही’ म्हणता येत नव्हते, म्हणून ती सोफिया नव्हती. वडील रागावत नाहीत, म्हणून ते वडील नाहीत. खऱ्या माणसाची खूण हीच, की ते आपल्या कल्पनेला पुरून उरते.

मी त्याला एक काम दिले. म्हणालो, अब्बांबद्दल तुला माहीत नसलेल्या दहा गोष्टी शोधून आण. अम्मीला विचार, चाचांना विचार, कारखान्यात जा. त्याने महिनाभर लावला. वहीत सातच गोष्टी लिहून आणल्या. त्यातली एक अशी, की अब्बा दहावीला मराठीत नापास झाले होते आणि त्यांनी ते जन्मभर घरात लपवले. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याने हसत हसत सांगितले होते. सांगताना हा मुलगाही हसत होता, कारण याला मराठीत कमी गुण मिळाले, की सगळ्यात जास्त तेच रागवायचे.

हे त्याला कोणत्याही स्वप्नात मिळाले नसते. स्वप्नाने त्याचे त्यालाच परत दिले असते. हे मात्र वडिलांकडून आले होते, मरणानंतर तीन वर्षांनी, दुसऱ्या माणसाच्या तोंडून.

मी बरोबर केले का, ठाऊक नाही. पहाटेचा गजर आता तो लावत नाही, असे त्याच्या अम्मी म्हणाल्या. पण वर्गात मधूनच तो तळहात बघतो, ते मी पाहिले आहे. मी टोकत नाही. हजेरी घेताना मात्र आता मी नाव वाचून क्षणभर थांबतो, मान वर करून त्या चेहऱ्याकडे बघतो, आणि ‘हाजिर’ ऐकल्यावरच पुढचे नाव वाचतो.